उलट्या खाचेचा चाकू

३ डिसेंबर २०२४, मंगळवार

एकसष्टावा मिळाला. बाजारात जुन्या लोखंडाच्या ढिगात, गंजक्या कुलपांच्या खाली. घडीचा चाकू. पातं सव्वातीन इंच, मूठ बाभळीची – मागाहून कोणीतरी बसवलेली. रिबीट दोन, एक पितळी, दुसऱ्याच्या जागी चक्क खिळा ठोकलेला. विकणारा म्हणाला, "शंभर वर्षांपूर्वीचा माल आहे, काका." मी म्हटलं, पातं ट्रकच्या कमानपाट्याचं आहे, शंभर वर्षांपूर्वी तुझ्या आजोबाकडे ट्रक होता का? तो हसला. म्हणाला, "तुम्हाला फसवणं अवघड आहे." आहेच.

घरी येऊन डिझेलमध्ये बुडवून ठेवला. चेतना नाकाला पदर लावून म्हणाली, "सवतीसुद्धा परवडल्या असत्या. त्यांना वास तरी नसतो."

वाचनालयवाल्यांचं पत्र आलंय. सव्वीस जानेवारीला माझे चाकू दोन दिवस काचेच्या कपाटात मांडणार. प्रत्येकाखाली कार्ड हवं – चाकू कोणी केला, कोणाकडून मिळाला, वैशिष्ट्य. शाळा दहावीत सुटली माझी. मोटार वाइंडिंग शिकलो ते जळालेल्या मोटारी उघडून, गुरू नाही. चाकू शिकलो तेही तसंच. त्या कार्डांवर एक अक्षर चुकीचं जाणार नाही.

४ डिसेंबर

नोंदवही काढली. साठ नोंदी शाईत. क्रमांक एक मात्र पेन्सिलीने, अगदी सुरुवातीपासून – "नानांचा चाकू. भावाकडे आहे."

पेटीत पहिला खण रिकामा आहे. तेहेतीस वर्षं झाली.

८ डिसेंबर, रविवार

आज लिहूनच टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल.

नाना, आमचे वडील, गेले १९९१ च्या पौषात. धानोऱ्याच्या घरात तेव्हा एका खोलीत माझ्या भावाची, हिलालची बायको, धनुवहिनी, बाळंतीण – रोहिणी आठ दिवसांची – आणि ओसरीवर नाना. आई आधीच गेलेली. मी एकवीस वर्षांचा. दहाव्या वर्षापासून नंदुरबारला मामाकडे, गावी फक्त सुट्टीत. हिलाल माझ्याहून सात वर्षांनी मोठा, तो शेतीत नानांबरोबर.

नानांचा चाकू कायम कमरेला असायचा, करदोट्याला बांधलेला. कादर मिस्त्रींच्या हातचा. नंदुरबारात त्या काळी चाकू करणारे चार-पाच होते, पण ज्याला समजतं तो कादर मिस्त्रींकडेच जायचा. मूठ म्हशीच्या शिंगाची, काळी, मध्ये दुधाळ रेघ. सुट्टीत मी विहिरीच्या थारोळ्यावर – मोटेचं पाणी पडायचं त्या दगडी कुंडाच्या काठावर – बसायचो, नाना समोर. उसाचं कांडं सोलायचे, गंडेऱ्या करून माझ्या हातावर ठेवायचे. मग पातं धोतरावर दोनदा पुसायचे – एकदा इकडून, एकदा तिकडून – आणि मिटायचे. टक. तो आवाज ऐकला की समजायचं, ऊस संपला, आता उठायचं.

सुतक संपलं त्या दिवशी मी नानांचा उतरवून ठेवलेला करदोटा पाहिला, चाकू नाही. खळ्यात हिलालला विचारलं. तो म्हणाला, माहीत नाही. मी म्हटलं – चार माणसं होती तिथे – "मढ्याच्या कमरेचा चाकू काढून घेतला तू." तो काही बोलला नाही. नुसता पाहत राहिला. मी तेच कबुली समजलो.

तेव्हापासून लग्नात, मयतीत भेटतो. "कवय उना?" "आत्ताच." बस.

साठ चाकू जमवले, पण खरं सांगायचं तर शोधत एकच होतो. तो कधीतरी हिलाल विकेल, बाजारात येईल, आणि मी ओळखीन – हा हिशेब.

९ डिसेंबर

दिवसभर मोटारी. कार्डं नाहीत.

११ डिसेंबर, बुधवार

बारा चाकू फडक्यात गुंडाळून नजीरचाचांकडे गेलो. कादर मिस्त्रींचा मुलगा. अठ्ठ्याहत्तर वय. भट्टी बंद होऊन पंचवीस वर्षं झाली. तिच्या जागी त्यांचा नातू शाहरुख मोबाइलची कव्हरं विकतो. चाचांची नजर गेल्यात जमा आहे. पण हात! आणि कान!

चाकू मी हातात देत नाही, ते घेत नाहीत. फडक्यावर ठेवायचा, त्यांनी उचलायचा. हातोहात दिला की भांडण होतं – हे त्यांच्याकडेही आहे, आमच्याकडेही.

चाचा पातं उघडतात, कानाजवळ नेतात, मिटतात. क्रमांक अकरा – "मुंबईकडचा. मशीनचा माल." बरोबर. एकोणीस – "शहाद्याचा लोहार. याची कमान नेहमी कडक. अंगठा सोलायचा लोकांचा." बरोबर, तेच लिहिलंय मी. सात – "हा मी केलाय. लग्नाच्या आधी. रिबीट वाकडं गेलंय, अब्बांनी कानफटात दिली होती." हे मला माहीत नव्हतं. लिहून घेतलं.

मग चौतीस. मी तो नुसता गंमत म्हणून नेला होता. माझी नोंद पाठ आहे – "क्र. ३४. नक्कल. मूठ शिंगाची. चंद्रकोर व तीन ठिपके अशी कादर मिस्त्रींची खूण, परंतु नखाची खाच उलट्या बाजूस. कारागीर अडाणी. पात्यावर गंजात कापसाचे तंतू अडकलेले, नीट पुसलेला नाही. उदेसिंग, धडगाव, यांनी जीपचा डायनामो दुरुस्त केल्याबद्दल दिला. ३ जून २०१३."

चाचांनी मिटला. टक.

पुन्हा उघडला. पुन्हा मिटला. मग बराच वेळ मुठीवरून अंगठा फिरवत बसले.

"अब्बा का है," म्हणाले.

मी म्हटलं, चाचा, खाच पाहा. नख घालायची खाच डावीकडे असते. म्हणजे डाव्या हातात मूठ, उजव्या अंगठ्याने पातं उघडायचं. ही उजवीकडे आहे. तुमचे अब्बा एवढी चूक करतील? नक्कल करणाऱ्याने चाकू पाहून पाहून उलटा उतरवलाय.

चाचा हसले. दात नाहीत, त्यामुळे जास्तच हसल्यासारखे दिसतात. सुनेला हाक मारली, "गजाला, चहा जरा कडक कर. नवनीतभाऊ आज अब्बांना शिकवायला आलेत."

मग म्हणाले, "खाच उलटी नाही, भाऊ. माणूस उलटा होता. डाव्या हाताने चाकू चालवणाऱ्याचा आहे हा. असे अब्बांनी दोनच केले. एक नवापूरच्या खाटकाला. दुसरा एका पाटलाला – धानोऱ्याच्या. तुमच्याच गावचा कोणी असेल."

मी चाकू गुंडाळले. चहा अर्धा टाकून उठलो. नाना डावरे नव्हते. मी त्यांना जेवताना पाहिलंय, अंगठा लावताना पाहिलंय, बैलाला चाबूक मारताना पाहिलंय. उजवा हात. म्हातारपणी माणूस काहीही बोलतो.

१२ डिसेंबर

चौतीस टेबलावर उघडा ठेवलाय. शिंगाच्या मुठीत दुधाळ रेघ आहे. असते पुष्कळ शिंगांत.

१५ डिसेंबर, रविवार

चेतनाला समोर बसवलं. हातात ऊस आणि एकसष्ट नंबर दिला. म्हटलं, सोल. ती म्हणाली, "लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, आता माझी परीक्षा?" पण बसली.

डोळे मिटून मी थारोळ्यावरचे नाना आठवले. चाकू माझ्या उजवीकडे. ते पातं माझ्या उजवीकडे चमकायचं, कारण विहीर डावीकडे होती आणि उजवीकडून ऊन यायचं. यात शंका नाही, मरेपर्यंत नाही. डोळे उघडले. चेतनाच्या उजव्या हातातला चाकू माझ्या डावीकडे होता.

"आता डाव्या हातात घे," म्हटलं.

घेतला. माझ्या उजवीकडे आला.

ती म्हणाली, "समोरच्याचा डावा हात आपल्या उजवीकडे येतो. बालवाडीतल्या पोराला समजतं हे. तुम्हाला आज समजलं?"

मोटारीचे चोवीस गाळे बारीक तारेने मी डोळे झाकून भरतो. एक वेढा कमीजास्त होत नाही. आणि हे?

आरशात उजवा हात उजवीकडेच दिसतो. माणूस समोर बसला की तसं नसतं. चाळीस वर्षं मी नानांना आरशासारखं पाहत आलो.

१६ डिसेंबर

पण बाकी सगळं उजव्याने करणारा माणूस फक्त चाकू डाव्याने कसा धरेल? हे सांगणारा एकच जण जिवंत आहे.

जाणार नाही.

२२ डिसेंबर, रविवार

गेलो.

चौतीस सदऱ्याच्या खिशात. वाटेत मिरचीच्या पथाऱ्या, लाल जमीन, डोळ्यांतून पाणी. बरं झालं, पोचलो तेव्हा डोळे का लाल ते कोणी विचारलं नाही.

हिलाल ओट्यावर कापसाच्या पऱ्हाट्या बांधत होता. एकसष्ट वर्षांचा झाला. पाठमोरा पाहिला तर नानाच. "बठ," म्हणाला. खाट पुढे केली. धनुवहिनी दारात आल्या, मला पाहून परत आत गेल्या, आणि न विचारता चहा ठेवल्याचा आवाज आला.

सरळ विचारलं, "नाना डावरे होते का?"

त्याने दोरी सोडली. "तुले आते समजनं?"

मग बोलत सुटला. एवढा बोलताना मी त्याला कधी ऐकला नव्हता. नाना जन्माचे डावरे. आजीने लहानपणी डावा हात कापडाच्या धडप्याने बांधून ठेवला – लोक हसतात, पानावरून उठवतात. म्हणून जेवण उजव्याने, नमस्कार उजव्याने, चारचौघांत सगळं उजव्याने. "पण वावरमा गया का डावा हात मोकया. चाकू तर डावाच. कादर मिस्त्रीकडथून मुद्दाम करी लेल व्हता." शेतात कोणी पाहत नाही.

मी म्हटलं, मला कसं नाही दिसलं?

"तू सुट्टीमा ऊस खावाले येस. तुन्हं ध्यान उसवर."

हसला तो. मीही हसलो बहुतेक. म्हणजे नाना माझ्यापुढे डाव्या हाताने बसत होते. चारचौघांत नाही, माझ्यापुढे. आणि मी ते उजवा म्हणून लिहून ठेवलं.

"आज का इचारी ऱ्हायना?" त्याने विचारलं. त्याची नजर माझ्या खिशावर होती. सदऱ्याचं कापड पातळ आहे, मूठ उमटते.

"असंच," म्हटलं. "कार्डं करायची आहेत."

चाकू काढला नाही. काढायला हवा होता. पण काय सांगणार? नानांचा चाकू अकरा वर्षं माझ्याच पेटीत होता आणि मी त्याला नक्कल म्हटलं – हे? आणि चाकू धडगावच्या माणसाने डायनामोच्या मजुरीत दिला; हिलालने विकला असता तर बाजारात आला असता, म्हणजे त्याने घेतलाच नव्हता. मग तेहेतीस वर्षांचं काय? तोंडाने नुसतं चुकलं म्हणून भागणार नाही. खरा चोर कोण ते आधी शोधीन, नाव घेऊन येईन, मग याच ओट्यावर त्याच चार माणसांसमोर माफी मागीन. चौघांतले दोन गेले. उरलेल्या दोघांसमोर.

निघताना वहिनींनी शेंगांची पिशवी दिली. म्हणाल्या, "भाऊजी, खिसामातलं पडी जाई, सांभाळी ऱ्हा."

२३ डिसेंबर

नोंद ३४ खोडली. "अडाणी" हा शब्द दोनदा खोडला. तरी वाचता येतो.

"कोणाकडून" या रकान्यात उदेसिंगचं नाव आहे. त्याच्या मागे कोणाचं, हे मी कधी विचारलंच नाही. साठ चाकूंत हा एकच, ज्याची मागची साखळी विचारली नाही. नक्कल म्हणून.

२९ डिसेंबर, रविवार

धडगाव. सकाळी सातची जीप, पुढे तीन, मध्ये चार, मागे किती ते मोजलं नाही. घाटात गारठा. बोटं आखडली.

उदेसिंग आता गाडी चालवत नाही, गुडघे गेले. जीप स्टँडसमोर टायर पंक्चरचं टाकलंय. मला ओळखलं. "डायनामोवाले शेठ! तो डायनामो गाडी विकली तरी चालू होता." बरं वाटलं. चाकू त्याच्यासमोर लाकडी खोक्यावर ठेवला.

त्याने उचलला नाही. नुसता पाहिला.

"हा तुम्ही मला दिला होता," मी म्हटलं. "तुम्हाला कोणी दिला?"

"कोणीतरी दिला."

"नाव?"

"नाव सांगणार नाही, शेठ. शब्द दिलाय." मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "पण तुम्ही अकरा वर्षांनी आलात. तो म्हणाला होता, आठ दिवसांत येतील. चाकू ओळखणारा माणूस आहे, उघडला की समजेल त्याला."

मी विचारलं, "चोर होता का?"

"चोर कधी परत पाठवतो? माझी गाडी तेव्हा नंदुरबार-धडगाव. मला म्हणाला, डायनामो बिघडला की त्याच्याकडेच टाक, आणि हे दे. माझं नाव घेतलंस तर तो घेणार नाही. म्हणेल, इतकी वर्षं लपवून ठेवला होता."

माझ्यासाठी चहा मागवला त्याने.

"उशीत निघाला म्हणे," उदेसिंग म्हणाला. "घरात मुलगी बाळंतपणाला आली होती, जुन्या बाळउशीचा कापूस पिंजायला काढला, त्यात. आतून शिवून टाकलेला."

परतीच्या जीपमध्ये मागे बसलो. बाळाच्या उशाला लोखंड ठेवतात, दृष्ट लागू नये म्हणून. आमच्याकडे, त्यांच्याकडे, डोंगरात, पठारावर, सगळीकडे. आणि ठेवलं की बोलून दाखवत नाहीत, बोललं की गुण जातो. पात्याच्या गंजात कापसाचे तंतू होते. मी स्वतः लिहिलंय – नीट पुसलेला नाही.

नाना गेले त्या आठवड्यात आमच्या घरात एक बाळ होतं.

३० डिसेंबर

दुकान बंद ठेवलं. धानोऱ्याला जायचं म्हणून कपडे घातले, दोनदा काढले. चेतना म्हणाली, "मी येऊ का बरोबर?" नको म्हटलं. मग गेलोच नाही.

५ जानेवारी २०२५, रविवार

धानोऱ्याला गेलो. उशीत चाकू निघाला तेव्हा जे जुळवलं, ते वहिनींनी सांगितलं. सुईण दगूबाईने नानांकडे उशाला लोखंड मागितलं. त्यांनी करदोट्याचा चाकू सोडून दिला – नातीसाठी. दगूबाईने उशीत शिवला, रिवाजाप्रमाणे बोलली नाही. आठ दिवसांनी नाना गेले, पुढच्या वर्षी दगूबाई.

"इतला वरीस ते तुमनी वाट देखी ऱ्हायनात, भाऊजी."

हिलाल समोर होता. खळ्यातल्या त्या चौघांतल्या उरलेल्या दोघांनाही बोलावलं होतं. सांगायचं ते सांगितलं. चाकू खाटेवर ठेवला.

"हातमा दे," हिलाल म्हणाला. "भांडण तर व्हई गयं आपलं."

दिला.

२५ जानेवारी, शनिवार

एकोणसाठ चाकू कपाटात मांडले. पहिली जागा रिकामी. वाचनालयवाले म्हणाले, इथे दुसरा एखादा ठेवू, बरं दिसत नाही. नको म्हटलं. कार्ड मात्र लावलं. मजकूर नोंदवहीतला जुनाच, एक शब्दही बदलला नाही. फक्त पेन्सिलीऐवजी शाईत.

नानांचा चाकू. भावाकडे आहे.